पान २१२, खालचा कोपरा

विद्यापीठाच्या टेकडीवर मे महिना
पंचेचाळीसला टेकलेला.
बाहेर डांबर मऊ झालंय,
आत एसी बाविसावर, माझ्या अंगावर शाल.
हा गारवा कागदांसाठी मंजूर झालाय,
आम्ही नुसते त्यांच्या सावलीला बसतो.

अकरा महिन्यांचा करार. ऑपरेटर क्रमांक तीन.
मऊ ब्रश, काचेची पट्टी, वरून दोन दिवे,
मधल्या पाळण्यात वही:
चोपड्याकडच्या एका जिनातली, मजुरीची.
पानापानात कडुनिंबाचा पाला.
कुणी ठेवला, त्याची नोंद नाही.
कसरीने तरी मधलं खाल्लंच,
आकडे चाखून सोडले,
नावं बरीचशी संपवली.

"हळू व बहिन," हिलालनाना म्हणतात,
"हाऊ कागद शे, पापड नही."

नाना मोडी वाचतात,
अमळनेरला दस्त लिहिणाऱ्या मामाकडून शिकलेली.
आधी रेघ ओढायची, सांगतात,
या काठापासून त्या काठापर्यंत,
मग एकेक अक्षर तिला टांगायचं, हात न उचलता.
शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.
संगणकाला अजून ते जमत नाही.
अख्ख्या ओळीला तो 'चित्र' म्हणतो.

म्हणून नाना बोलतात, मी टंकते:
रेवा भ्र. झिपरू, तीन आणे.
सुपडी भ्र. बारकू, तीन आणे.
उखर्डी, भ्रतार नाही, अडीच.
फॉर्म लाल होतो: आडनाव अनिवार्य.
मी टिंब देते. फॉर्म हिरवा होतो.
संध्याकाळपर्यंत चाळीस बायका
टिंब आडनावाच्या झाल्या.

उखर्डी म्हणजे, नाना सांगतात,
आधीची लेकरं जगली नाहीत,
म्हणून हिला उकिरड्यावर लोळवून उचललेली.
नाव असं ठेवायचं
की मरणाला उचलावंसं वाटू नये.
कसरीलाही वाटलं नसावं.
शेजारच्या तिघी गेल्या, ही अक्षर न् अक्षर शाबूत.

नावापुढे अंगठा.
शाईत रुईचा एक तंतू वाळून बसलेला.
भिंग धरलं तर तो हलला.
मी श्वास रोखला.
"पंखा," नाना म्हणाले.

गुरुवारी पुण्याहून तपासणीची यादी आली.
पान २१२. नामंजूर. कारण: ऑपरेटरचे बोट दिसते.
खरंच होतं.
खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा,
मावसबहिणीच्या हळदीची मेंदी नखावर अर्धी उतरलेली,
आणि दोन बोटांवर तिचा.

पुन्हा घ्यायचं ठरलं. वही पाळण्यात ठेवली.
पान उलटलं, तसा तो कोपरा
आवाजसुद्धा न करता उतरला,
कळण्याच्या पिठासारखा
काचेवर, ब्रशवर, माझ्या तळव्यावर.
नाव गेलं. अंगठा गेला. तंतू कुठे गेला कळलं नाही.
नाना काहीच बोलले नाहीत.
पापडाचंसुद्धा नाही.

भुगा पाकिटात भरला, वर क्रमांक टाकला.
बऱ्हाटे मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"पहिलीच प्रत ठेवा," म्हणाल्या, "शेरा लिहा."

शेऱ्याला शंभर अक्षरांची जागा.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
'मूळ कोपरा स्कॅन करताना नष्ट.
चित्रात दोन अंगठे आहेत.
डावीकडचा उखर्डीचा.'
जतन करा, दाबलं.
एक प्रत इथे, एक पुण्याला,
एक कुठल्याशा थंड खोलीत, जिचं गाव मला माहीत नाही.

साडेपाचला हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
ओळख पटली नाही, यंत्र म्हणालं.
मागे रांग थांबलेली.
बोटाकडे बघितलं: रेषांमध्ये
काहीतरी पिवळसर, बारीक.
पुसायला ओढणी उचलली,
आणि रांगेतल्या पोराला म्हटलं,
तू हो पुढे.