सात वॅट

दिवसभर मी बर्फाच्या कारखान्यात असतो,
देवगड बंदराच्या चढावर.
तिथे साठ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर दात खात उभा,
मीटर असा फिरतो की त्याच्याकडे बघू नये.
लाद्या निघतात, फुटतात, होड्यांत जातात,
आणि पाण्याचं पुन्हा पाणी होतं.

घरी आल्यावर मला कमी खाणारं काहीतरी हवं होतं.

पतपेढीने भंगारात काढलेला चपटा डबा,
पंखा नाही, आवाज नाही, साडेचारशे रुपये.
मकबूल भंगारवाला म्हणाला, ह्यात टीव्ही दिसत नाय हां,
आधीच सांगतो.
मुलाच्या मेलेल्या लॅपटॉपमधली एक डिस्क,
दुसरी कणकवलीहून, नवी, पावतीसकट.
घर म्हणून आंब्याची पेटी:
वारा कुठून जावा
हे पेटी ठोकणाऱ्याने आधीच ठरवलेलं होतं.

कुंदा दारात आली, हाताला खोबरं.
"आणि ह्या किती खातला?"
मी मीटर लावून दाखवलं. सात वॅट.
महिन्याला पाच युनिट,
म्हणजे अर्धा वाटा बांगडे.
"मगे रवांदे," ती म्हणाली,
कोंबडी पाळायला परवानगी द्यावी तशी.

खारी हवा कुणाला सोडत नाही.
दुसऱ्या पावसाळ्यात जुनी डिस्क गेली.
दोन रात्री टक् टक् करत होती, मला वाटलं पाल.
काढून पाहिलं तर टोकांवर हिरवा कळक,
देवाच्या तांब्यावर चढतो तसाच.
पण एक लिहिते ते दुसरी गिरवते,
वर्गातल्या शेजारणीसारखी वाकून, काना-मात्रा न चुकवता,
म्हणून काही गेलं नाही.
नवी लावली. रात्रभर ती सगळं पहिल्यापासून गिरवत बसली
आणि मी समोर, रात्रपाळीला असल्यासारखा.

आता टोकांना व्हॅसलीन.
बुटांच्या खोक्यांतल्या, खाऊ नये लिहिलेल्या पुड्या.
फटींवर जवळ्याच्या जाळ्याचा तुकडा, पालीसाठी.
वीज गेली की बाबल तांडेलाच्या होडीची जुनी बॅटरी:
जिने खोल पाण्यात दिवा धरला
ती इथे एक हिरवा ठिपका धरते.

आत काय आहे?
सातबारा. गॅसचं पुस्तक. मुलाचं बारसं,
तेव्हाचा कॅमेरा तारीख हमखास चुकीची टाकायचा.
शेजारच्या पराडकरांचं सगळं,
कारण त्यांचा फोन कायम भरलेला.
आणि एक कप्पा, कुंदाने मागून घेतलेला.
नाव ठेवलं "किरकोळ".

चावी तिची. पण डब्याचा धनी मी,
मला सगळी दारं उघडतात.
तिला हे माहीत आहे.
किंवा नाही.

मी फक्त आकार बघतो.
होळीला नव्वद केबी होता, गणपतीत दोनशे.
मी कारखान्यात असताना, दुपारचा, वाढतो,
पोस्टकार्डाएवढा, कधी त्याहून कमी.
तिची बहीण वारली त्या आठवड्यात काहीच नाही,
आणि मग एका दिवसात चाळीस.

महिन्याच्या एक तारखेला तपासणी लावतो:
दोन्हीकडे अक्षर न अक्षर जुळतं का.
डबा न वाचता जुळवतो.
तेवढं मलाही जमलं पाहिजे.

काल भांडी पुसता पुसता तिने विचारलं,
ह्या एक दिवस बंद पडला तर?
म्हटलं, तिसरी प्रत करूया, घाटावर ठेवू,
माझ्या भावाकडे, राधानगरीला,
तिथे खार पोचत नाही.
"सगळ्याची?"
सगळ्याची.
ताट पुसून झालं होतं तरी ती पुसत राहिली.
मग ते फळीवर उभं केलं, नीट, भिंतीला टेकवून.
"किरकोळ पण ने हां," म्हणाली.