तिकिटाची खिडकी, उल्गी

अकरा वर्षं मी या खिडकीत बसते.
लोक विचारतात, उलानबातर किती लांब?
मी म्हणते, तीन तास.
अंतर विचारलेलं असतं, मी वेळ सांगते,
आजवर कुणाची तक्रार आली नाही.

खोदून विचारलंच, तर
वरून बाराशेच्या आसपास,
रस्त्यानं सोळाशेच्या पुढे,
म्हणजे दोन दिवस, टायर फुटला नाही तर.
शिवाय राजधानीचं घड्याळ आपल्यापुढे एक तास.
जाताना तो तास हरवतो, येताना सापडतो.
म्हातारी बातिमा दरवेळी विचारते,
मधल्या दिवसांत ठेवतात कुठे गं त्याला?

सामान पंधरा किलो.
म्हणून माणसं तीन-तीन कोट चढवून येतात,
खिशांत वाळवलेला चक्का, बुटात चाकू,
एकदा एकजण घोड्याचं अख्खं खोगीर
पोटाशी बांधून आला होता, गरोदर बाईसारखा.
मी काट्याकडे बघते, त्यांच्याकडे बघत नाही.

वडील कधी विमानात बसले नाहीत.
चौतीस वर्षं त्याच रस्त्यावर ट्रक.
म्हणायचे, विमानानं माणूस पोचतो,
येत नाही.

फेब्रुवारीत, तिकडच्या इस्पितळात, पहाटे.
विमान लहान.
मालाच्या दाराची मापं मला पाठ आहेत,
तरी फोन करून दोनदा विचारली.

मग भाऊ त्यांना घेऊन निघाला,
नमद्यात गुंडाळून, भाड्याच्या व्हॅननं.
मला पुढे जायला हवं होतं:
गोठलेल्या जमिनीवर कोळसे पेटवून
ती कुदळीपुरती मऊ करायची होती.
दहाला उडाले, बाराला उतरले.
तो सापडलेला तास माझ्या हातात होता
आणि त्याचं काय करावं, कळेना.

एर्बोलातचे फोन.
अर्वाइखेर. चहा घेतला.
बायनखोंगोर. वारा फार.
अल्ताईला ड्रायव्हर म्हणाला, पैसे नकोत,
चाक बदलायला यांनीच शिकवलं मला.
मग रेंज नाही. रात्रभर नाही.
मी निखारे सारखे करत बसले.
मग कोव्द:
त्यांचं घड्याळ माझ्या हातात आहे,
तासभर मागे केलंय, आता निघतो.

त्या एका रात्रीत तो रस्ता मी प्रथमच
त्याच्या पूर्ण लांबीनिशी पाहिला.
वरून गेले असेन साठ-सत्तर वेळा,
ढग, बर्फ, मांडीवर बिस्किटाचा पुडा.

व्हॅन दाराशी आली तेव्हा
सगळे मागच्या दाराकडे धावले.
मी पुढे गेले.
हातमोजा काढून बॉनेटवर हात ठेवला,
लहानपणी ठेवायचे तसा,
ते आल्या-आल्या.
गरम होतं.

सोमवारी खिडकी उघडली.
पहिलाच पोरगा, कॉलेजला निघालेला,
अंगात बापाचा कोट, त्यावर आणखी एक.
ताई, उलानबातर किती लांब?
तीन तास, मी म्हणाले.
सामान पंधरा किलो.
अंगावर घातलेलं
मोजत नाही.