पन्नास, चाळीस, तीस

दादा परत आला तेव्हा दोन बॅगा होत्या
आणि एक टोपी,
डोक्यावर नाही, हातात,
जशी कुणाची तरी राहून गेलेली आपण पोचती करतो.
मखमलाबाद नाक्यावर रिक्षावाल्याला त्याने शंभराची नोट दिली
आणि उरलेले चाळीस थांबून घेतले.
मोजून.
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आमचे अण्णा नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
एकतीस वर्षं.
सुटताना रोज गेटवर झडती, खिसे उलटे, डबा उघडा.
घरी आले की आई विचारायची, आज किती छापले?
अण्णा दारातच खिसा उलटा करून दाखवायचे.
आमच्या घरात विनोद तेवढा एकच होता,
आम्ही तो पुरवून वापरला.

मी सहकारी बँकेत, कर्जाच्या टेबलावर.
दादाचे कागद वाचायला मला एक चहा पुरला.
पवईचा फ्लॅट, त्यावर दोन कर्जं.
कंपनीकडून सात महिन्यांचा पगार येणे.
विजू नेवेच्या फ्लाइंग स्कूलमध्ये घातलेले चाळीस लाख,
स्कूल कुठे आहे ते आता विजूलाही माहीत नाही.
शाल्मलीची मेलबर्नची फी.
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या फायलीत,
कौटुंबिक न्यायालयाची पुढची तारीख.

वहिनीचा नंबर मी अजून काढलेला नाही.
तिचा दोष लिहायचा तर दोन रकाने आखावे लागतील,
आणि दुसरा भरताना
पेन मलाच धरावं लागेल.

तेरा वर्षं बाकी होती ना अजून?
जिन्यात आहेर सर विचारतात.
दादा म्हणतो, हो.
एवढंच. हो.

पहाटे तो गच्चीवर जातो, स्वेटर न घालता.
धुक्यात नवी पाण्याची टाकी दिसते का ते पाहतो
आणि खाली येऊन मला सांगतो,
आठशे मीटर. आज ओझरचं उशिराच उतरेल.
माझी स्कूटर नेतो तेव्हा
आरसा, ब्रेक, पेट्रोल, पुन्हा आरसा,
ओठ हलतात.
भाजी आणायला जायचं असतं फक्त, पंचवटीपर्यंत.

जानेवारीत एका रात्री मी द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालत होते.
तो ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला,
उतरताना यंत्र बोलतं, तुला माहितीये?
पन्नास. चाळीस. तीस. वीस.
फूट असतात ते.
त्या रात्री पन्नास ऐकलं
आणि मी मनात म्हटलं, लाख.
चाळीस. हे विजूकडचे.
तीस. हे शाल्मलीचे.
वीसला शेजारच्या पोरीने माझ्याकडे पाहिलं,
सव्वीस वर्षांची, नवी.
काही बोलली नाही. हात मात्र पुढे आला होता तिचा.
उतरलो. जरा आपटलं.
मागे एकशे चौऱ्याहत्तर माणसं,
कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.
सकाळी अर्ज दिला.
कारणापुढे लिहिलं, वैयक्तिक.

मी पाणी बदललं.
रोज माझ्या टेबलावर हा शब्द येतो,
थकलेल्या हप्त्यांच्या पत्रांत, मुदतवाढीच्या विनंत्यांत,
आणि मी त्याच्यावर शिक्का मारते,
वाचत नाही.

फेब्रुवारीपासून तो आहेर सरांच्या क्लासला जातो,
दहावीची त्रिकोणमिती, तासाला तीनशे.
पोरं त्याला कॅप्टन सर म्हणतात.
त्याने दोनदा सांगितलं, म्हणू नका. म्हणतात.
हप्त्याच्या हिशोबात हे तीनशे कुठे बसवायचे
ते मला अजून जमलेलं नाही.

काल आला तेव्हा दिवे गेले होते.
मी मेणबत्ती घेऊन दार उघडलं
आणि तोंडातून निघून गेलं,
आज किती छापले?
तो थांबला.
चप्पल काढता काढता, एका पायावर उभा राहून,
त्याने खिसा उलटा केला.
खडूची भुकटी पडली, उंबऱ्यावर,
आणि एक तुकडा,
तो त्याने वाकून उचलला
आणि परत खिशात ठेवला.