पोक

पाटीवर उरलेलं एवढंच: "आणि पुत्र, कुलपांचे कारखानदार".
पुत्र कुठे गेले, विलेनहॉलमध्ये कुणी सांगेना.
एजंटने खिशातून किल्ली नाही, पक्कड काढली;
कुलपांच्या कारखान्याचं दार तारेने बांधलेलं.
मला हसू आलं. त्याला नाही.

एकोणीस वर्षं मी ह्याच रस्त्याने बसमधून जायचे
वुल्वरहॅम्प्टनला, कानाला हेडसेट लावून
लोकांच्या फुटलेल्या बॉयलरची गाऱ्हाणी ऐकायला.
कंपनी बुडाली. खुर्ची तिथेच राहिली,
तिचा आकार तेवढा माझ्या पाठीतून घरी आला.
फिजिओ म्हणाली, वजन उचल.
उचललं. मग ते खाली ठेववेना.

बहीण फोनवर म्हणाली, जिम? तू?
पी.टी.च्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी
आईच्या अक्षरात कोण लिहायचं?

जानेवारीत झाडायला घेतलं.
पितळेचा कीस, लोखंडाचा कीस, कबुतरांची शीट,
पहिल्या दिवशी अकरा पोती.
नाक शिंकरलं तर रुमालात चमचम.
डब्यातल्या पोळीलासुद्धा जुन्या तेलाचा वास.
छपराच्या फुटक्या काचा बलकारने मोजल्या, एकसष्ट;
कोटेशनमध्ये त्याच सत्तर झाल्या.

मग खिडक्यांखालचं लांब टेबल उचकटलं,
तर निळ्या विटांच्या जमिनीत खळगे.
जोडीजोडीने. डावा पुढे,
उजवा मागे, जरा तिरका.
सात जोड्या.
बलकार म्हणाला, लेव्हलिंग कंपाऊंडची चार पोती,
संध्याकाळपर्यंत जमीन आरशासारखी.

मी सहज उभी राहिले एका जोडीत.
पावलं आपापल्या जागी बसली
आणि पाठ, महिन्याला साठ पौंड देऊन सरळ केलेली माझी पाठ,
समोर नसलेल्या शेगड्यावर
निमूट वाकली.

दुपारी आयरीन टाँक्स आल्या, समोरच्या घरातल्या, वय एक्याऐंशी.
आमचा कचऱ्याचा स्किप त्यांच्या दारासमोर, म्हणून भांडायला.
खळगे पाहून वाक्य अर्ध्यावर राहिलं.
चौथ्या जोडीशी गेल्या. बोटाने दाखवलं, पाय नाही ठेवला.
हे डॅड.

आजूबाजूची गावं ह्या गावाला पोकाड्यांचं गाव म्हणायची.
दहाव्या वर्षी कानस हातात, चाळिशीत कुबड.
पबच्या भिंतीत म्हणे खाचा होत्या,
टेकताना कुबड मावावं म्हणून.
खरं का, विचारलं, तर खांदे उडवले.
डॅड कधी उताणे झोपलेच नाहीत, म्हणाल्या.
शेवटचेसुद्धा कुशीवरच.
जाताना म्हणाल्या, स्किप राहू दे मंगळवारपर्यंत.

डावा पुढे, उजवा मागे:
असल्या उभं राहण्यात डेडलिफ्ट होत नाही.
मी करून पाहिली. बार तिरका येतो, गुडघा बोंबलतो.
सहा जोड्या बुजवल्या.
उगाच कशाला खोटं बोलू, वाईट वाटलं,
पण विम्याचा माणूस गुरुवारी येणार होता.
चौथीभोवती रबरी मॅट कापली, सुरी दोनदा घसरली,
आणि वर, बरोबर वर, तुळईला
लटकायचा दांडा ठोकला.

दाराला कुलूप ऑनलाइन मागवलं.
आयरीननी ते तळहातावर तोललं,
कानाशी नेऊन किल्ली फिरवली,
"बिस्किटाचा डबा," म्हणाल्या, आणि परत दिलं.

आतापर्यंत नऊ सभासद. भाडं निघायला एकतीस लागतात.
हीटर एका कोपऱ्यापुरताच.
पण बुधवारी सकाळी सातला आयरीन टाँक्स
कार्डिगनच्या बाह्या सारून, पाय त्या खळग्यांत,
दोन्ही हात वर, दांडा घट्ट.
हळूहळू गुडघे सैल सोडतात.
टाचा सुटतात. नुसती बोटं टेकलेली.
कार्डिगन वर सरकतं, पाठीत बारीक कट्‌ वाजतं.

मी मराठीतच मोजते, तोंडाला तेच येतं.
त्यांना कळत नाही किती झाले, किती उरले.
विचारतही नाहीत.
सतरा. अठरा.