अपि

हर्बेरियमच्या मागच्या खोलीत माझं टेबल.
सत्तावीस वर्षं मी मेलेली झाडं कागदावर शिवली.
हो, शिवली. पानांना डिंक,
देठाला मात्र सुई-दोरा, पांढरा, चाळीस नंबरचा,
गाठ नेहमी मागच्या बाजूला.

एका मार्चमध्ये खोकं आलं समुद्रापलीकडून.
बदल्यात आम्ही डांगचं गवत पाठवलं होतं.
आत कुठल्याशा बेटावरची लिली.
लिली म्हणजे फूल, असं मी समजत होते.
ही तर नुसती पात्यांची मोळी,
लांब, चिवट, खालच्या अंगाला चंदेरी लव,
एकाच बुडातून सुटलेली तीसेक पाती,
गावाकडच्या केरसुणीसारखी.
(गावाकडच्या म्हणते खरी, गाव मी पाहिलेलं नाही.
पणजोबा कुणा सरदाराच्या पागेत मोतद्दार म्हणून
बडोद्याला आले, घोडे गेले, ते राहिले.)

लेबल इंग्रजीत. धारियासाहेबांनी वाचून दाखवलं:
दाट जंगल, धुकं.
झाडाच्या दुबेळक्यात, जमिनीपासून चाळीस फुटांवर.
वादळात पडलेली, तिथून उचलली.
मादी. नर सापडला नाही.

मी विचारलं, म्हणजे बांडगूळ?
ते जवळजवळ रागावलेच.
‘ना, मोहितेबेन! बांडगूळ दुसऱ्याचं पितं.
ही फक्त बसते. पाऊस पिते, पाचोळा खाते.’
मग माझ्यासाठी कपाटातून परिभाषाकोश काढला,
धूळ फुंकली, बोट ठेवलं:
अपिवनस्पती.

अपि म्हणजे काय ते साहेबांना ठाऊक नव्हतं.
मला होतं. संस्कृतच्या तासाला दाणेबाई
पट्टी आपटायच्या, स्वतःच्याच तळव्यावर:
अपि म्हणजे सुद्धा, अपि म्हणजे सुद्धा.

सुद्धा-वनस्पती.

रावपुऱ्यातून घरी जाताना वाटभर तो शब्द चघळला.
पुण्याची जाऊ दर दिवाळीत टोकते,
‘भाजी म्हण गं, शाक काय?’
आणि समोरच्या जिन्यातली हंसाबेन,
एकोणीस वर्षं वाटीची देवाणघेवाण झाल्यावर,
परवा सहज विचारते, ‘तमे मूळ क्यांना?’
मूळ!
बाई, चाळीस फुटांवर.

विष लावण्याआधी बुडाशी ब्रश फिरवायचा असतो.
पात्यांच्या बगलेत, जिथे ती जिवंतपणी
वाटीभर पाणी धरून बसत असणार,
तिथून काय काय सांडलं टेबलावर:
मातीचे दोन कण, शेवाळाचं तूस,
आणि डासाच्या अळीची कात,
नखाच्या कोरेएवढी.
भिंगाखाली धरली तर श्वासाची नळीसुद्धा शाबूत.

म्हणजे हिच्याकडेही कुणी राहत होतं.
हवेत टांगलेलं एक डबकं,
त्यात उलटं लटकून श्वास घेणारं एक पोर,
आणि खाली अख्ख्या जंगलाला पत्ता नाही.

नियम असा की परका जीव झटकून टाकायचा.
साहेब जेवायला गेले होते.
खिडकीबाहेर वडाच्या ढोलीवरून पोपट भांडत होते,
जागा कुणाची, नेहमीचंच.
मी बटरपेपरची पुडी वळली,
तान्ह्या मुलाच्या मात्रेची वळतात तशी,
कात आत ठेवली, पुडी शीटच्या कोपऱ्यात चिकटवली.
वर काय लिहायचं ते सुचेना.
नाव मला माहीत नव्हतं,
ज्यांना माहीत असेल त्यांनी ते लिहिलं नव्हतं.

शेवटी पेन्सिलीने, मराठीत, अगदी बारीक:
हीसुद्धा.

नर मिळाला की पाठवतो, असं पत्र होतं खोक्यात.
आला असेल तर माझ्यानंतर.