शंभराची घंटा

त्र्यंबक रोडवरून कांद्याचा ट्रक गेला
की प्रयोगशाळेच्या काचा थरथरतात,
आणि तेलाच्या थेंबाखालचं रक्तही.
मी थांबते. नजर बसू देते.
मग पुन्हा मोजायला घेते.

स्लाइड एकशे अठरा. थेटे, रंभा पुंजाराम, वय एक्केचाळीस,
राहणार मोहाडी. अतिदक्षता, खाट सहा.
तापाचा नववा दिवस.
विषाणू मला दिसत नाही,
या भिंगाच्या आवाक्यात तो नाहीच.
दिसतात ते फक्त त्याला गाठायला निघालेले.

न्यूट्रोफिल, टक्. न्यूट्रोफिल, टक्.
अजून एक. अजून.
तीन पाकळ्यांचं जांभळं केंद्रक,
मधेच एखादं घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, कच्चं,
मज्जेनं वेळेआधी तोडून पाठवलेलं,
भाव चढा असला की हिरवाच माल निघतो तसं.
लिम्फोसाइटच्या बटणावर बोट नुसतं टेकून.
त्या गोल, अबोल पेशी,
एकदा पाहिलेला चेहरा वर्षानुवर्षं न विसरणाऱ्या,
कुठे गेल्या?
शंभर झाले की घंटा वाजते.
ब्याण्णव. चार.

कॉलेजात शिकवलं होतं, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक.
मला ते कधी पटलं नाही.
सैनिकाला रजा असते, घरी यायची वाट असते.
ही स्वतःचंच पोट फाडते
आणि आतला धागा, सबंध वंशाची लिपी,
जाळं करून बाहेर फेकते.
अडकेल ते अडकेल.

जाळं मला माहीत आहे.
बुलबुलांपायी मामांनी
दीड एकर थॉमसनवर नायलॉन ताणलं होतं.
पक्षी आलेच नाहीत. गारा आल्या.
जाळ्यात साठत गेल्या, जाळं खाली बसत गेलं,
आणि वेली मोडल्या त्या त्याच ओझ्यानं.
मामा कात्री घेऊन दिवसभर
आपलंच जाळं कापत होते.
कुणाशी बोलले नाहीत.

रंभाच्या फुफ्फुसात आत्ता तसंच काही.
विषाणू थोडा उरला असेल, नसेलही.
जाळी उरलीत.
वर डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलंय,
आवरा, असं सांगायला.
कुणाला? तिच्याच रक्ताला.

पहाटे सव्वाचारला खिडकीशी तिचा मुलगा,
मिसरूड फुटलेला, हातात घामानं मऊ झालेली पावती.
"मॅडम, पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणे.
म्हणजे अंगात ताकद आली ना?"
रिपोर्टचं डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
हे वाक्य आम्ही सुई धरण्याआधी शिकतो.
तो हलला नाही.
"विरळणीत तिला कोणी हरवत नाही," म्हणाला.
"घडातले मणी काढायचे किती, ठेवायचे किती,
न बघता, बोटांनी कळतं तिला."

मी खिडकी लावून घेतली नाही.

आज अकरावा दिवस.
अंगठ्याला लीशमनचा निळा डाग, स्लाइड अजून कोमट.
न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल.
मग कडेला, जराशी थोराड,
निळसर झालर सावरत बसलेली
एक लिम्फोसाइट.
एकीवरून काही ठरत नाही.
शंभराला अजून शहाण्णव बाकी.
टक्.

ट्रक येतोय.
मी थांबते.