मिल लेन, पाच अंशांच्या वर

पारा पाचच्या वर, रस्ता ओला, अंधार पडलेला.
तिन्ही जमलं की ग्लेनिसचा निरोप येतो:
"आज चालतील."
बस्स, एवढंच.
मी औषधांच्या दुकानाचं शटर ओढते,
निळे हातमोजे खिशात कोंबते
(बिनपावडरचे. त्यांची कातडी श्वास घेते,
तिला आपलं काही लागू नये)
आणि बादली घेऊन चढ चढते
लानविथन गाव संपतं तिथे,
जिथे दिवेही संपतात.

ग्लेनिस प्रॉसर, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं ती याच वळणावर उभी राहायची
गोल पाटी हातात धरून: थांबा, मुलं.
सकाळी पावणेनऊ, दुपारी सव्वातीन.
मग मुलंच संपली, शाळेला कुलूप लागलं.
आता तिथे कुणी कुत्र्यांचे केस कापून देतं.
पाटी मात्र तिनं परत केली नाही.
कौन्सिलची दोन पत्रं आली.
तिसरं आलं नाही.

आज आम्ही अकरा.
डिल्विन आणि त्याचा कुरकुरणारा गुडघा,
बेकरीतले ते दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत
पण बादली एकच आणतात,
आणि पलीकडच्या गावच्या शाळेतली सहा मुलं,
पिवळ्या जॅकेटांत बुडालेली.
धडा भर रस्त्यात:
"उडी मारतो तो फ्रॉग. चालतो तो टोड.
धावत असेल तर उंदीर आहे, जाऊ द्या त्याला."

मुलं हसतात. मी जरा गप्पच.
माझ्या भाषेत दोघेही बेडूक.
उडणारा, चालणारा, रात्रभर डरावणारा,
फुगून बैल व्हायला निघालेला,
सगळे एकाच रेशनकार्डावर.

नेरिस आठ वर्षांची. तिच्या ओंजळीतला एक
बारीक आवाजात कुरकुरतो, दारावरच्या घंटीची बॅटरी संपत आल्यासारखा.
"तो म्हणतोय, मी नर आहे, सोड मला," ग्लेनिस सांगते.
"मादी बोलत नाही.
पाठीवर दुसरा बसलेला असेल तर दोन मोज,
सोडवायला जाऊ नकोस.
आणि तळ्यापर्यंत न्यायचं नाही.
फक्त रस्ता. ज्या दिशेला तोंड होतं
त्याच दिशेला ठेवायचं. पुढचं त्यांना ठाऊक आहे."

सहावीत गुरुजींनी मला कूपमंडूक म्हटलं होतं,
नकाशात नाईल उलटी वाहवली म्हणून.
तो शब्द घडवणाऱ्यानं
बेडकाला रस्ता ओलांडताना पाहिलेलं नसावं.
वर्षभर हा रानात, पाल्याखाली, कुणाच्या शेडमागे;
आणि मग एका रात्री
स्वतःच्या डबक्यासाठी चाकांखालून निघतो.

वहीत दोन रकाने: जिवंत, चिरडलेले.
पहिल्या वर्षीचा आकडा अकराशे चाळीस.
काल रात्रीचा शहाण्णव.
आम्ही वही मोठ्यानं वाचत नाही.

"तळं बुजवलं तर?" नेरिस विचारते.
वरच्या शेतात नव्या घरांचे खुंट ठोकलेत, तिनं पाहिलेत.
"माझ्या आईच्या गावी बुजवलं," ग्लेनिस म्हणते,
"तिथे आता गाड्या उभ्या करतात.
ते सात वर्षं येत राहिले."
आणि मग नाक पुसते, थंडी आहे म्हणून.

तेवढ्यात उतारावरून दिवे.
पार्सलची गाडी, उशीर झालेली.
ग्लेनिस रस्त्याच्या मध्यावर जाते, पाटी वर.
ब्रेक. काच खाली.
"किती वेळ?" पोरगा विचारतो.
कुणीच उत्तर देत नाही, कारण त्या उजेडात
पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे
एक जण चालतोय.
मी वाकते. ग्लेनिस मान हलवते: नको.

एक पाय. थांबणं. दुसरा पाय.
पट्टीवर तो चक्क बसतो.
डिल्विन श्वास रोखून; भाऊ एकमेकांकडे बघतात, नकळत.
पोरगा इंजिन बंद करतो.
मग ओढ्याचा आवाज येतो, जो आधीही असणारच.

चार मिनिटं.
गवत हललं.

गाडी गेल्यावर ग्लेनिसनं टॉर्च दातांत धरला
आणि मांडीवर वही ठेवून, पट्टीशिवाय, वाकडा,
तिसरा रकाना आखला.
नाव काय द्यायचं ते सुचेना,
म्हणून तसाच कोरा ठेवला,
खाली लिहिलं: एक.